भिंतीला भोक पाडायचं ठरलंय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी चहा घ्या, मग वाचा. पडवीतल्या कॉम्प्युटरचं वायफाय सारखं तुटतं ना, त्यावर उपाय म्हणून शनिवारी सकाळी वायरमन येणार आहे. माजघरातल्या राउटरपासून त्या कॉम्प्युटरपर्यंत तो लॅनची, म्हणजे वायफायऐवजी तारेने नेट आणणारी, केबल ओढेल आणि मधल्या भिंतीला दाराच्या चौकटीवर, कोपऱ्यात, एक भोक पाडेल. रंग आत्ताच दिलाय, माहीत आहे मला. पण आधी केबल आरपार घ्यायची आणि प्लग नंतर लावायचा, असं त्याला बजावलंय. त्यामुळे आठ-दहा मिलिमीटरचं भोक पुरतं. पैसे मी दिलेत. त्याला पुन्हा देऊ नका, आणि मला परतही पाठवू नका.

नवा कॉम्प्युटरच घेऊन टाकू, असं तुम्ही म्हणालात. अजिबात नको. कॉम्प्युटर ठणठणीत आहे, आणि तुमच्या हातून काही बिघडलेलंही नाही. आडवी येतेय ती भिंत. जांभ्याची दीड फुटी भिंत वायफायला तशीच जड जाते. पावसाळ्यात जांभ्याचा चिरा पाणी धरतो, तेव्हा लहरी आणखी शोषल्या जातात. म्हणून मे महिन्यात सातबारा झटक्यात निघायचा आणि आषाढात पान अर्ध्यावर अडकायचं. आजीचं लोखंडी कपाटही नेमकं वाटेत येतं. ते हलवायचा विषय मी काढत नाही, काळजी नसावी.

आई, तुझा प्रश्न बरोबर आहे, तिथेच बसून तुझ्या मोबाइलवर कीर्तन कसं चालतं? मोबाइल तुझ्या हातात असतो, मोकळ्या हवेत, दारासमोर. कॉम्प्युटरचा वायफायचा तुकडा (यूएसबी खाचेत खोचलेला तो अडॅप्टर) मात्र नखाएवढा, तोही कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, टेबलाखाली, भिंतीला चिकटून. राउटर आणि त्याच्या मध्ये अख्खी पत्र्याची पेटी येते. डेस्कटॉपचं वायफाय तुटतं त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं आणि लोक उगाच सॉफ्टवेअरच्या मागे लागतात.

शनिवारपर्यंत काम अडू नये म्हणून दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल कुरिअरने पाठवलीय. तिचं एक टोक कॅबिनेटच्या काळ्या यूएसबी खाचेत घालायचं, निळ्या नाही. दुसऱ्या टोकाला तो तुकडा लावून टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी, दाराच्या बाजूला उभा ठेवायचा. निळी खाच यूएसबी ३.० ची. तिच्यात हार्ड डिस्क काम करत असली की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच खरखर निर्माण होते, आणि वायफायही त्याच पट्ट्यात बोलतं. बाबा, तुम्ही फोटोंची हार्ड डिस्क लावून कॉपी करायला बसता तेव्हाच नेट जातं ना? ते यामुळे. डिस्क आणि वायफायचा तुकडा यांच्यात हातभर अंतर राहू द्या. काम झालं की डिस्क काढून ठेवा. लावलेलीच ठेवायची गरज नाही.

दुसरं म्हणजे विंडोज वीज वाचवायला हा तुकडा मधूनच झोपवतं आणि मग तो नीट जागा होत नाही. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वायरलेस असं लिहिलेल्या ओळीवर दोनदा क्लिक. वर पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब दिसेल. त्यातली पहिली बरोबरची खूण काढून टाका आणि ओके करा. टॅब दिसलाच नाही तर सोडून द्या, दुसरं काही दाबू नका.

राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी आहे. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, वेगाने जोरदार पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. पडवीत साधं नावच हवं. ५जीवाल्या नावावर उजवी क्लिक करून फर्गेट म्हणा, म्हणजे कॉम्प्युटर आपणहून तिकडे उडी मारणार नाही. इंटरनेटवर सगळे आधी राउटरचा चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली उपवाट, बदलायला सांगतात, १, ६ नाहीतर ११. शहरातल्या इमारतीत, चाळीस राउटर एकमेकांवर ओरडत असताना, ते ठीक. आपल्या वाडीत राउटर आहेत किती? त्या भानगडीत पडू नका.

नेट गेलं की लगेच कंपनीला फोन करून तणतणायच्या आधी (बाबा, हे तुम्हाला) दोष घरात आहे की बाहेर ते बघा. आधी राउटरचे दिवे. एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर फायबर कुठेतरी तुटली किंवा मुडपली असावी. घरात काही करण्यासारखं नाही, तक्रार नोंदवा आणि स्वस्थ बसा. लाल दिवा नसेल तर स्टार्टमध्ये सीएमडी शोधून ती काळी खिडकी उघडा. इंग्रजीत पिंग, एक जागा सोडून राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी. आकडेही इंग्रजीच हवेत. एंटर मारलं की ओळी पडत राहतात. प्रत्येक ओळीत टाइम दोन-चार मिलिसेकंद असेल तर कॉम्प्युटर ते राउटर हा रस्ता साफ आहे. टाइम शेकड्यात उड्या मारत असेल किंवा मधून रिक्वेस्ट टाइम्ड आउट येत असेल, तर घोळ वायफायचा. मग तशीच दुसरी खिडकी उघडून राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ हा बाहेरचा, गूगलचा पत्ता लावा. पहिली साफ आणि दुसरी अडखळते, तर घोळ बाहेरचा, आणि मग खुशाल तणतणा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

एक गंमत लक्षात ठेवा. लाइट जाऊन आल्यावर घड्याळातली तारीख मागच्या कुठल्यातरी सालाची दिसत असेल तर वायफायला बोल लावू नका. तारीख चुकली की बँकेची, सरकारी, सगळी संकेतस्थळं सुरक्षिततेचा इशारा देऊन अडवतात. कॅबिनेटमधला सीआर २०३२ हा गोल सेल संपलेला असतो. वायरमन आलाच आहे तर त्याच्याकडूनच बदलून घ्या.

राउटर बंद-चालू करायचा म्हणजे बोर्डावरचं बटण बंद, अर्धा मिनिट थांबायचं, चालू, आणि मग पाच मिनिटं हात लावायचा नाही. मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची नाही. आई, टाचण्यांचा डबा लपवून ठेव. त्या रीसेटने कंपनीचं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं जातं आणि माणूस येईपर्यंत तुझं कीर्तनही बंद.

केबल कॅट ६ प्रकारची, पूर्ण तांब्याची सांगितली आहे. सीसीए म्हणजे वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम, ती स्वस्त मिळते, पण प्लगपाशी लवकर तुटते. ती आणली तर परत पाठवा, संकोच करू नका. विजेच्या वायरच्याच पट्टीतून ती न्यायची नाही, वेगळी पट्टी हवी. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तो जायच्या आधी सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून लिंक स्पीड बघा. १००० दिसायला हवा. आपल्या दोन्ही टोकांची पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० च्या वेगाची, आहेत, तेव्हा १०० दिसला तर आठपैकी एखादी तार प्लगमध्ये बसलेली नाही. त्याला गोड बोलून प्लग पुन्हा क्रिम्प करायला, म्हणजे दाबून बसवायला, लावा. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. खालूनही बघता येतं.

आणि विजा कडाडायला लागल्या की राउटरचा अडॅप्टर सॉकेटमधून काढायचा, कॉम्प्युटरचा प्लग काढायचा आणि ही नवी केबलही उपसून ठेवायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तिच्यासोबतची आधाराची तार लोखंडी असू शकते, आणि विजेच्या लाइनमधून तर झटका येतोच.

कोणी फोन करून "तुमचं वायफाय दुरुस्त करतो, हे ॲप टाका" म्हणालं तर फोन ठेवून द्या. कितीही नम्र बोलला तरी. खरा माणूस दारात येतो, स्क्रीन मागत नाही.

मला कळतंय, तुम्हाला न विचारता ठरवलं. विचारलं असतं तर तुम्ही "आमचं काय, चालतंय" म्हणाला असता. पण नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला एसटीने खेपा नकोत, आणि रविवारी चिन्मयशी बोलताना चेहरा मध्येच गोठायला नको. तो आजोबांना "हँग झालेले आबा" म्हणतो, चांगलं वाटतं का? माझ्या वह्यांना कव्हरं घालताना कोपरा मनासारखा दुमडेपर्यंत तुम्ही उठत नव्हता, बाबा. तेवढ्याच बारकाईने ती पट्टी सरळ ठोकून घ्या, म्हणजे भिंत वाईट दिसणार नाही.

आई, बीपीची गोळी सकाळचीच, जेवणानंतरची नाही. वायरमनच्या गडबडीत विसरू नको.

तुमची,
मनू

ता. क. कॉम्प्युटरच्या टोकाला मीटरभर केबल जास्त सोडायला सांगा, गुंडाळी करून टेबलाखाली टांगता येईल. नाहीतर झाडताना टेबल ओढलं की प्लगचा प्लास्टिकचा चिमटा मोडतो. आणि केबल चालू झाली की वायफायचा तो तुकडा एक्स्टेन्शनसकट काढून ड्रॉवरमध्ये ठेवा, फेकू नका.