घरबसल्या कमवा, पण बसायचं कधी?

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला घरबसल्या ऑनलाइन धंद्याचा लेख वाचला. फोटो सुरेख होता, लॅपटॉप, कॉफीचा मग, शेजारी कुंडी. माझ्या टेबलावर चिकटपट्टी, कात्री आणि परत आलेल्या चकल्यांचा चुरा असतो, हवा असेल तर तोही फोटो पाठवते.

भाजणी आणि चकल्या मी चार वर्षं ऑनलाइन विकतेय. लेखात म्हटलंय दुकानाचं भाडं वाचतं. वाचतं ना, आणि कुरियरला जातं! किलोभर चकली मोडू नये म्हणून मी ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरचं खोकं वापरते, तर कुरियरवाले लांबी रुंदी उंची गुणून ५००० ने भागतात आणि म्हणतात, मॅडम वजन ३ किलो. म्हणजे दोन किलो हवेचं भाडं मी भरायचं.

कॅश ऑन डिलिव्हरीचं तर विचारूच नका. गेल्या महिन्यात नागपूरचं पार्सल परत आलं, शेरा काय तर 'ग्राहक घरी नाही'. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, अगं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं, मी जाणार कुठे! जायचं भाडं माझं, यायचं पण माझं, आणि खोकं उघडलं तर आत एक चकली धड नाही. तक्रार केली तर दोन तासांत मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली देव जाणे. तो चुरा आठवडाभर मिसळीवर टाकून संपवला, शेवटी आमच्या ह्यांनी हात जोडले.

आणि जीएसटीवर तुमची एकच ओळ, वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी नको. अहो, ते राज्यातल्या राज्यात, आणि दुसऱ्यांच्या वेबसाइटींवर विकणाऱ्यांना तीही सवलत ऑक्टोबर २०२३ पासून. बेळगावच्या गिऱ्हाइकाला एक डबा विकायचा तरी नोंदणी लागते. बेळगाव आपलंच म्हणून आपण इथे घसा कोरडा करतो, पोर्टलला ते ऐकू जात नाही. लेखकांनी एकदा तरी एखादं पार्सल स्वतः बांधून बघावं, पत्ता मी देते.

जाता जाता, गेले दोन रविवार शब्दकोड्याचं उत्तर छापलेलं नाही. आडवे १४ चं काय ते एकदा कळवा.

- एक वाचक, सदाशिव पेठ