नावं न विचारता राहिलेल्यांचे आभार

आमच्या अण्णांची किडनी बदललेली. त्यात उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले. मिरजेत डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी निदान केलं: सीएमव्ही विषाणू, किडनी बदलल्यावरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की डोकं वर काढणारा. त्यावरचं औषध गँसायक्लोव्हिर, शिरेतून, 21 दिवस, डोस किडनीच्या हिशेबानं.

रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सलाइन लवकर संपावं म्हणून मी चकती फिरवायला गेलो, तर तुम्ही माझा हात धरलात. "दादा, तास म्हणजे तास. घाईनं दिलं तर अंगावर येतं." औषध इतकं अल्कधर्मी की शिरेची आग होते, म्हणून तुम्ही चांगली जाड शीर शोधत बसायचात. हातमोज्यांचा मला आधी रागच आला होता. अण्णांना शिवायला नको म्हणून घालताय, असं वाटलं. केमोच्या औषधासारखं हेही जपून हाताळतात, हे नंतर कळलं. चुकलं माझं.

लॅबमधल्या त्या पोराचेही आभार. पांढऱ्या पेशी घसरल्यात हे त्यानं रिपोर्ट छापायची वाट न बघता वॉर्डात फोन करून कळवलं. डॉक्टरांनी लगेच औषध थांबवून, पेशी सावरल्यावर पुन्हा सुरू केलं.

आणि सांगलीहून भर पावसात रोज डबा पोचवणारे, प्रवासी वडाप चालवणारे मामा! एक रुपया घेतला नाही.

उजव्या डोळ्याची गेलेली कडेची नजर परत येणार नाही. डावा वाचला. परवा अण्णा स्वतः चालत गणपतीला जाऊन आले.

मामा, तुमचा थर्मास अजून आमच्याकडेच आहे.