संध्याकाळी सहानंतरची एक खोली

माननीय शिक्षणमंत्री, गुजरात राज्य, यांस

सादर नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. बरीच वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. पत्र मराठीत लिहिते आहे. गुजराती प्रत सोबत जोडली आहे.

आमच्या माळ्यावर पणजोबांची लोखंडी ट्रंक आहे. आत मोडीतले कागद, काही खरेदीखतं, काही घरची पत्रं. घरात एकालाही ती वाचता येत नाहीत. माझी नात मराठी अस्खलित बोलते, पण लिहायला बसली की गुजराती लिपीत, डोक्यावर रेघ न देता लिहिते. तिची आई रागावते. मला राग येत नाही. तिला मराठी लिहायला शिकवील असा वर्ग आम्ही तिला दाखवूच शकलो नाही.

पण हे पत्र फक्त मराठी माणसांसाठी नाही. छोटा उदेपूरकडचा एक मुलगा काही महिने माझ्याकडे यायचा. घरी राठवी, शाळेत गुजराती आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. अर्थशास्त्राचा प्रश्न त्याने मला गुजरातीत तोंडी असा समजावून सांगितला की मीच नवं काही शिकले. पेपरात मात्र त्याच प्रश्नाला चार ओळी, त्याही खोडलेल्या. तो नापास झाला. त्याला विषय येत होता, साहेब. शेजारी बसून “हे वाक्य असं मांड” म्हणणारं कुणी नव्हतं.

म्हणून विनंती अशी: महाराजा सयाजीराव विद्यापीठात संध्याकाळी सहा ते नऊ चालणारं एक शिक्षण केंद्र सुरू करावं. तिथे विद्यार्थ्यांना लिहायला मदत मिळावी. बाहेरून आलेल्यांना गुजराती, आमच्या मुलांना मराठी आणि हवं त्याला मोडी शिकता यावी. शनिवार-रविवार चित्र, मातीकाम, गाणं. प्रवेशाला पदवीची किंवा वयाची अट नको.

या गावाला हे नवं नाही. १८८६ साली सयाजीरावांनी उस्ताद मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. १८९० मध्ये कलाभवन निघालं. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रहच होता की तंत्रविद्या मुलांना त्यांच्या भाषेतून समजली पाहिजे. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. हे सगळं १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन होण्याच्या कितीतरी आधीचं. नंतर १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा आली आणि तिच्या फाइन आर्ट्स फेअरला आम्ही मुलांना कडेवर घेऊन गेलो आहोत, विद्यार्थ्यांनी बनवलेली खेळणी घरी आणली आहेत. त्या दिवसांत विद्यापीठ आपलं वाटायचं.

शिकवणारी माणसं गावातच आहेत. प्राच्यविद्या मंदिरात हस्तलिखितं आहेत, ती वाचणारे आहेत. बडोदा संस्थानच्या दप्तरात मोडी कागद आहेत. मोडी शिकलेल्या मुलांना तिथे कामही मिळू शकेल. एवढंच सांगते की हे केंद्र सेवाभावी लोकांच्या भरवशावर सोडू नका. मीही असे वर्ग चालवले आहेत. कुणाची बदली होते, कुणाचे गुडघे दुखतात, आणि वर्ग बंद पडतो. शिकवणाऱ्यांना ठरलेलं मानधन आणि केंद्राला एक पूर्णवेळ माणूस द्या. फी असावी, पण रिक्षावाल्याच्या मुलीलाही परवडेल इतकी.

सुरुवातीला मोठी इमारत नको. संध्याकाळी रिकामी असणारी एक खोली, फळा, चार टेबलं, आणि मुलींना रात्री नऊला निर्धास्त घरी जाता यावं म्हणून फाटकापर्यंत दिवे. नवं सत्र जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी आपण कुलगुरूंशी बोलावं, आणि त्या बैठकीला आम्हा गावकऱ्यांपैकी दोघातिघांना बोलवावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे