तुझं जर्नल मी उघडून पाहिलं

भांडुप, मुंबई

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल तू मेडिकलच्या दुकानातून कामावरून आलास तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. आईने भाजी गरम करेपर्यंत प्रॅक्टिकलच्या जर्नलवर डोकं टेकून झोपूनही गेलास. तुझ्या हातातलं पेन काढताना ते पान माझ्या नजरेस पडलं. केमिस्ट्रीच्या टायट्रेशनची तीन रीडिंग पेन्सिलने लिहिलेली, ९.८, ९.९, ९.८, आणि खाली कॅल्क्युलेशनची जागा कोरी. मागची चार प्रॅक्टिकलंही तशीच. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस.

नोकरीचं विचारलंस तेव्हा मी म्हणालो होतो, "मीही नोकरी करूनच शिकलो." ते वाक्य आता मला बोचतं. मी फोर्टच्या सिद्धार्थ कॉलेजात होतो. नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावं म्हणून बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काढलेलं सकाळचं कॉलेज ते. मी बी.ए. करत होतो. लेक्चर संपली की ऑफिस, आणि संध्याकाळ अभ्यासाला मोकळी. तुझ्या दोन क्रेडिटच्या एका प्रॅक्टिकलला सेमिस्टरभरात ६० तास लॅबमध्ये उभं राहावं लागतं. वर ७५ टक्के हजेरी. तिथून दादर स्टेशन, घाटकोपर, आणि रात्री साडेदहापर्यंत काउंटर. माझ्याशी तुझी तुलना करून मी तुला "दमलो" म्हणायचीही सोय ठेवली नाही. चुकलंच माझं.

नोकरी सोड असं म्हणत नाही. कोणत्या गोळीत कोणतं सॉल्ट, म्हणजे मूळ औषध, आहे हे तू आईला किती आवडीने समजावतोस, ते मी ऐकतो. पण शेठशी बोल. शनिवार-रविवार पूर्ण दिवस येतो, मधल्या वारी एकच संध्याकाळ, असं स्पष्ट सांग. परीक्षेआधीची सुट्टीही आत्ताच मागून ठेव, आयत्या वेळी कुणी देत नाही. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघू.

दर महिन्याला तू आईच्या डब्यात पैसे ठेवतोस. ते कमी होतील, होऊ देत. सोसायटीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबरात जातोय, घर चालेल. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर ती आपल्याला जास्त महाग पडेल.

गुरुवारी मला सुट्टी आहे. तू त्या संध्याकाळी दुकानात जाऊ नकोस. पाचही प्रॅक्टिकलची आकडेमोड तू कर, तक्ते आणि इंडेक्स मी आखून देतो. पट्टी, पेन्सिल काढून ठेवली आहे.

तुझे,
बाबा