बदली जावयाची, अडकली लेक

संपादक महोदय,

जावई फौजेत. इंदूरजवळच्या महू छावणीतला कोर्स संपला, पोस्टिंग जबलपूरला आलं. लेकीचं एमडी मात्र इंदूरलाच, अजून दीड वर्ष. पीजीला (म्हणजे एमडीसारख्या पदव्युत्तर शिक्षणात) कॉलेज बदलता येत नाही; नियम आहे, मान्य. 36 तासांची ड्यूटी करून ती आली, तर दारात काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली. तिच्यावरच बसून तिने गार पोहे खाल्ले. (इंदुरात गार पोहे म्हणजे पापच!) पण पीजीत 3 महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात. ते तरी जोडीदाराच्या छावणीच्या गावी द्या की. लेकीने तसा अर्ज केला. बाबू म्हणाले, "मॅडम, इतक्या लांब कशाला? धार घ्या ना, जवळ पडेल."

— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर