बैलझुंज नव्हे, साठमारी

संपादक महोदय,
स. न.

स्पेनमधील खेळाला मराठी वृत्तपत्रे सर्रास ‘बैलझुंज’ म्हणतात. त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे गोव्यातल्या धिरयोसारखे शिंगे भिडवलेले दोन बैल उभे राहतात. स्पेनच्या रिंगणात बैल एकच असतो आणि त्याच्यासमोर माणसे असतात. बडोदेकरांना हा प्रकार नवा नाही. आपल्याकडे हत्तीशी होणाऱ्या अशाच खेळाला साठमारी म्हणत.

बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळी अगडात, म्हणजे भिंतींनी वेढलेल्या रिंगणात, माजावर आलेल्या हत्तीला साठमार, म्हणजे हा खेळ खेळणारी माणसे, पायी सामोरे जात. माझी आजी तिच्या आजोबांकडून ऐकलेली हकीकत सांगताना अंग चोरून, खांदा तिरका करून दाखवत असे, कारण अगडाच्या भिंतीत माणूस जेमतेम निसटेल एवढ्याच अरुंद वाटा ठेवलेल्या होत्या. स्पेनच्या रिंगणातही कडेला लाकडी फळ्यांचे आडोसे असतात आणि जीव वाचवायला माणसे त्यांमागे सरकतात.

साठमारीतही भाले टोचून जनावराला चेतवत, हे मी लपवत नाही. परंतु हत्तीला मारणे हा त्या खेळाचा हेतू नसे. स्पेनमध्ये बैलाचा शेवट बहुधा आधीच ठरलेला असतो. एकट्या मातादोरच्या, म्हणजे बैलाला अखेर मारणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, शौर्याची वर्णने वाचताना त्याच्या पथकाचा विसर पडतो. घोड्यावरचे पिकादोर भाल्याने बैलाच्या मानेमागचे स्नायू दुबळे करतात, मग बांदेरियेरो तिथेच काटेरी काड्या रोवतात आणि बैलाची मान अशी खाली आल्यावर मातादोर लहान लाल कापड घेऊन अखेरच्या टप्प्याला उभा राहतो. कापड धरलेल्या पायी माणसाशी हा बैल आधी कधीच भिडलेला नसतो, कारण एकदा शिकलेला बैल कापड सोडून माणसावरच येतो. मातादोरचा धोका खरा आहे. मानोलेतेसारखा निष्णात मातादोर १९४७ मध्ये लिनारेस येथे शिंग लागून दगावला. तरीही हिला बरोबरीची झुंज म्हणणे मला पटत नाही.

बंदीला माझा पाठिंबा आहे. कोलंबियाने २०२४ मध्ये कायदा करून २०२७ पासून हा खेळ बंद करण्याचे ठरवले, आणि त्यावर पोट असणाऱ्यांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्याची तरतूदही केली, हे मला विशेष मोलाचे वाटते. आपल्या शहरात अगड म्हटले की महाराज आणि हत्ती आठवतात, साठमारांची नावे मात्र कोणी घेत नाही. ज्या घरांत त्यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्यांनी त्या लिहून पाठवाव्यात असे आवाहन आपण आपल्या वृत्तपत्रातून करावे, ही विनंती.

आपली एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा