म्हार्दोळच्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

नमस्कार, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे सलाम.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. वाचनालयात सत्काराचं निघालं तेव्हा तुम्ही हात जोडून नको म्हणालात, ते लक्षात आहे. पत्र मात्र उघडं लिहितोय. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांनी ते वाचावं असं वाटतं, कारण गेली तीन वर्षं मी दर शनिवारी कुठे जातो हे त्यांना माहीत आहे, का जातो ते नाही.

मी नगर जिल्ह्यातला. कुंडईच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून गोव्यात फोंड्याला आलो, त्याला बावीस वर्षं झाली. आमची मराठी मंडळी लहान. पाळक महिन्यातून एकदा येतात, बाकीच्या रविवारी उपदेश बहुतेक माझ्याकडे असतो. घरात लहानपणापासून पवित्र शास्त्र रोज वाचलं जायचं, त्यामुळे कुणी काही विचारलं की उत्तर तोंडावर असायचं. नसलं तरी काहीतरी सांगून टाकायचो. उपदेश करणारा अडला असं लोकांना दिसू नये, हे मी माझं कर्तव्यच समजत होतो.

तुमच्याकडे आलो ते नाताळसाठी. येशूची कथा मराठी ओव्यांत सांगणाऱ्या, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणातला प्रभूच्या जन्माचा भाग उपासनेत वाचायचं ठरवलं होतं. शांताराम बंडेलूंनी १९५६ साली देवनागरीत आणलेली प्रत वाचनालयात मिळाली, पण जीभ अडखळत होती. तिथल्या बाईंनी तुमचा पत्ता दिला. ‘येयात, बसात,’ म्हणालात, चहा आला, आणि मी चार ओव्या वाचून दाखवल्या. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग इतकंच म्हणालात, ‘ही बातमी नव्हे. परत वाचूया.’

त्या संध्याकाळी ओवी कशी चालते ते मला पहिल्यांदा कळलं. पहिले तीन चरण यमकानं बांधलेले, एकामागून एक चढत जाणारे, आणि चौथा आखूड, जिथे श्वास खाली ठेवायचा. मी त्या चौथ्या चरणावरही जोर देत होतो. तुम्ही ज्ञानेश्वरीतली एक ओवी म्हणून दाखवलीत, लगेच स्टीफन्सची म्हटलीत, आणि एकच चाल दोन्हीकडे ऐकू आली. ज्ञानेश्वरी तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. माझ्या प्रभूच्या जन्माच्या ओव्या मला त्या घरात बसून वाचायला शिकाव्या लागल्या. पहिल्या दिवशी हे मला जड गेलं, ते आज कबूल करतो.

दुसऱ्या का तिसऱ्या शनिवारी मी ‘वैकुंठ’ या शब्दावर अडलो. स्वर्गाला स्टीफन्स वैकुंठ म्हणतात, आणि हा शब्द आमचा नाही, तो मंडळीपुढे वाचणार नाही, असं मी जरा तावातच बोललो. तुम्ही रागावला नाहीत. विचारलंत, ‘मग स्वर्ग हा शब्द तुमच्याकडे कुठून आला? आत्मा, प्रभू, उपासना, शिष्य, हे तुमच्याआधी कुणाच्या तोंडी होते?’ मला हरवायला विचारलं नव्हतंत. उत्तर ऐकायला पुढे सरकून बसला होतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन त्यातल्या ‘शिष्य’ या एका शब्दाचा पाठपुरावा केला. नव्या करारात जिथे आपण शिष्य वाचतो तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे शिकणारा. प्रेषितांची कृत्ये, अकराव्या अध्यायात लिहिलंय की अंत्युखिया शहरात शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती हे नाव मिळालं. म्हणजे ख्रिस्ती म्हणवून घेण्याआधी ते लोक शिकणारे होते. हा अध्याय मी कितीतरी वेळा उपदेशात वापरला होता, मास्तर, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पण खरे आभार मानायचेत ते एजोबाबद्दल, पवित्र शास्त्रातल्या त्या झाडाबद्दल.

येशूला देवाचा कोकरा का म्हणतात, असं तुम्ही विचारलंत. मी पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली वल्हांडण सणाची हकिगत सांगितली, एजोबाच्या जुडीनं कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं ती. तुम्ही शाळेतल्या मुलासारखी वही काढलीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, डोळ्यांजवळ धरून, एकेक ओळ लिहून घेत होतात. मग मान वर करून म्हणालात, ‘एजोबाची जुडी म्हणजे कसली? झाड कसलं ते?’ हा शब्द मी लहानपणापासून वाचत आलोय. झाड कसलं हा प्रश्न कधी पडला नव्हता. नेहमीसारखं काहीतरी ठोकून देणार होतो, पण आदल्याच शनिवारी मी एका जुन्या शब्दाचा अर्थ विचारला होता तेव्हा तुम्ही अगदी सहज म्हणाला होतात, ‘म्हाका खबर ना. शोधूया.’ चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाचं ते वाक्य माझ्या कानात होतं. मीही म्हटलं, ‘म्हाका खबर ना.’

तुम्ही हसलात आणि वहीत एजोब शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढलंत.

पुढच्या शनिवारी आपण दोघांनी मिळून शोधलं. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शलमोन राजाबद्दल लिहिलंय की लबानोनच्या उंच गंधसरूपासून भिंतीतून उगवणाऱ्या एजोबापर्यंत सगळ्या झाडांविषयी तो बोलत असे. भिंतीच्या फटीत येणारं बारकं झुडूप! तुम्ही लगेच तुमच्या तुळशीवृंदावनाच्या मागच्या कुंपणाकडे बोट दाखवलंत, जिथे पावसाळ्यानंतर चिऱ्यांतून काहीबाही उगवतं. आता एजोब वाचलं की मला ते कुंपण दिसतं. आणि ज्यानं मी लहान मूल आहे, मला समज दे, असं देवापाशी मागितलं, त्याच राजाला गंधसरूइतकंच हे झुडूपही बोलण्याजोगं वाटलं, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

इंग्लंडचे स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा तिशीचे होते. इथली भाषा त्यांनी तेव्हापासून शिकायला घेतली. गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या राशोलला क्रिस्तपुराण छापून झालं १६१६ साली, दहा हजारांहून जास्त ओव्या, तेही रोमन लिपीत, कारण छपाईसाठी नागरी खिळे नव्हते. सदतीसेक वर्षं मधे गेली. ओवी त्यांनी कुणाकडून शिकून घेतली असेल? साष्टीतल्या कुठल्यातरी सोप्यावर तुमच्यासारख्याच कुणासमोर बसून, असं मी मनाशी धरून चालतो. त्या माणसाचं नाव पुस्तकात नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतला अपुल्लोस वक्ता होता, शास्त्रात निपुण होता, तरी राहुट्या शिवणाऱ्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी जाऊन त्यानं देवाचा मार्ग अधिक नीट समजून घेतला. हा भाग मी यंदा वाचला तेव्हा उपदेशात तुमच्याबद्दल सांगितलं. नाव नाही सांगितलं.

एक सांगायचं राहिलं. शुक्रवारच्या अभ्यासात आठवीतल्या एका मुलीनं विचारलं की मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक, नेमके किती जण होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात आकडा नाही, तीन ही देणग्यांची संख्या, एवढं मला ठाऊक होतं. तिनं पुढे विचारलं, मग नाताळच्या नाटकात तीनच का असतात? म्हटलं, ‘मला माहीत नाही, पुढच्या शुक्रवारी तूही शोधून ये, मीही शोधतो.’ अभ्यास सुटल्यावर एक म्हातारे गृहस्थ थांबून राहिले. वीस वर्षं त्यांच्या मनात असलेला एक प्रश्न त्यांनी मला त्या दिवशी विचारला. इतकी वर्षं का विचारला नाही, ते मी त्यांना विचारलं नाही. मला कळलं होतं.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तेव्हा अजून महिनाभर वही मी लिहीन, तुम्ही सांगा. क्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागाचे, दुसऱ्या पुराणाचे, अजून बरेच अवस्वर, म्हणजे अध्याय, राहिलेत. शनिवारी पाचला येतो. येताना सौभाग्यवतीनं केलेल्या नाताळच्या करंज्या आणतो, वहिनींना सांगून ठेवा.

देव बरें करूं, मास्तर.

तुमचा शनिवारचा विद्यार्थी